वसाहतच राहण्यासाठी केलेले बंड

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्यवसायात उतरणारी नवी कंपनी आज आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्यामागे 'डॉट एआय' ही शेपटी लावू पाहते. पुणे-बंगळुरूच्या कंपन्याही त्याला अपवाद नाहीत. इंग्रजीत कृत्रिम बुद्धिमत्तेची आद्याक्षरे तीच असल्याने हे साहजिकच आहे. मात्र ही दोन अक्षरे कोणा संगणक कंपनीच्या मालकीची नाहीत. ती कॅरिबियन समुद्राच्या ईशान्य टोकाला असलेल्या अँग्विला या चिमुकल्या बेटाची आहेत आणि नोंदणीच्या शुल्काचा मोठा वाटा त्या बेटाच्या सरकारी तिजोरीत जमा होतो. २०१८ मध्ये हे उत्पन्न तीस लाख अमेरिकी डॉलरच्या आत होते. २०२३ मध्ये ते सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरवर आणि २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरवर गेले. बेटाच्या एकूण सरकारी महसुलाचा पाचव्याहून अधिक हिस्सा आता या दोन अक्षरांतून येतो. बेटाची लोकसंख्या आहे सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, आणि क्षेत्रफळ अवघे ९१ चौरस किलोमीटर.

ही बातमी सांगितली जाते ती 'बेटाला लागलेली लॉटरी' अशा थाटात. लॉटरी तर ती आहेच. पण लॉटरीचे तिकीट या बेटाच्या हाती आले कसे, याची हकिगत लॉटरीपेक्षा अधिक लक्षणीय आहे. कारण अँग्विला हे राष्ट्र नाही. संयुक्त राष्ट्रसंघात त्याला जागा नाही, स्वतःचे सैन्य नाही, स्वतंत्र परराष्ट्र धोरण नाही. ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांपैकी ते एक आहे. राष्ट्रसंघाच्या परिभाषेत 'अस्वयंशासित प्रदेश', आणि साध्या मराठीत सांगायचे तर वसाहत. विशेष म्हणजे वसाहतीचा हा दर्जा बेटाने स्वतः मागून घेतलेला आहे. तो मिळावा म्हणून तेथील लोकांनी पोलिसांना हाकलले, सार्वमत घेतले आणि ब्रिटिश छत्रीसैनिकही पाहिले.

इंटरनेटवरील देशवाचक पत्ते ज्या आंतरराष्ट्रीय यादीवरून घेतलेले आहेत, तीत केवळ सार्वभौम राष्ट्रेच नाहीत, तर वेगळे प्रशासन असलेले प्रदेशही आहेत. 'एआय' हा संकेत पूर्वी फ्रेंचांच्या ताब्यातील अफार व इसा प्रदेशाकडे होता. तो प्रदेश १९७७ मध्ये जिबूती या नावाने स्वतंत्र झाला आणि ही अक्षरे यथावकाश मोकळी झाली. पुढे अँग्विला शेजारच्या सेंट किट्स बेटापासून कायदेशीररीत्या वेगळे झाले, तेव्हा ती त्याच्या वाट्याला आली. इंटरनेटवर ती १९९५ मध्ये नोंदली गेली. त्या वेळी कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द प्रयोगशाळांच्या बाहेर फारसा कोणी उच्चारतही नव्हते. सेंट किट्सबरोबर राहिलेल्या नेव्हिस या बेटाला आजही स्वतःचा संकेत नाही. म्हणजे आजच्या या पैशाचे मूळ संगणकात नसून १९६७ च्या एका बंडात आहे.

दहांपैकी एक जागा

अँग्विला हे सपाट, लांबट, चुनखडीचे बेट. लांबी सुमारे २६ किलोमीटर, रुंदी फार तर पाच आणि सर्वांत उंच टेकडी ६५ मीटरची. वाम माशासारखा आकार म्हणून हे नाव पडले. इंग्रज वसाहतवाले येथे १६५० मध्ये आले, पण माती पातळ आणि पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे ऊस येथे कधी नीट धरला नाही. कॅरिबियनचा सगळा इतिहास उसाभोवती फिरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या एका गोष्टीचे महत्त्व कळते. सेंट किट्समध्ये मळे टिकले, मळेवाल्यांची सत्ता टिकली आणि गुलामगिरी संपल्यावरही काळी प्रजा त्याच मळ्यांवर मजुरी करीत राहिली. अँग्विलात मळे बुडाले. १८३४ च्या गुलामगिरीबंदीनंतर बहुतेक मळेवाले काढता पाय घेऊन गेले आणि पूर्वीचे गुलाम खडकाळ जमिनीच्या लहान-लहान तुकड्यांचे धनी झाले. होड्या बांधाव्यात, मासे मारावेत, मिठागरात राबावे, हंगामात डोमिनिकन प्रजासत्ताकात ऊसतोडीला जावे, पुढे अरूबा-कुरासावच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत किंवा थेट इंग्लंडमधील स्लाव शहरात नोकरी धरावी आणि घरी पैसे पाठवावेत, असे त्यांचे जिणे. दारिद्र्य होते, पण कोणाच्या बांधावर हात जोडून उभे राहण्याची सवय नव्हती.

असे दोन भिन्न प्रकृतीचे समाज लंडनच्या वसाहत खात्याने केवळ कारभाराच्या सोयीसाठी एका दावणीला बांधले. १८२५ मध्ये अँग्विला सेंट किट्सच्या विधिमंडळाखाली घातले गेले आणि १८८२ मध्ये ही गाठ पक्की झाली. मधल्या काळात, १८७२ मध्ये, आम्हाला सेंट किट्सपासून सोडवून थेट लंडनच्या अमलाखाली घ्या, असा अर्ज बेटवासीयांनी केला होता. १९५८ मध्ये पुन्हा तशीच मागणी झाली. दोन्ही अर्ज बासनात गेले. या दोन तारखा ध्यानात ठेवायला हव्यात, कारण १९६७ चे बंड म्हणजे काही माथेफिरूंचा उद्रेक होता, असे चित्र पुढे लंडनमध्ये रंगवले गेले. सुमारे शंभर वर्षे एकच मागणी सनदशीर मार्गाने करणाऱ्यांना माथेफिरू म्हणणे कठीण आहे.

वेस्ट इंडीजच्या बेटांचे एक संघराज्य करण्याचा प्रयोग १९६२ मध्ये फसला. मोठी बेटे स्वतंत्र झाली. लहानग्यांचे काय करायचे, या विवंचनेतून ब्रिटनने 'सहयोगी राज्य' नावाची तडजोड शोधली : अंतर्गत कारभार संपूर्ण स्थानिक सरकारकडे, संरक्षण व परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सेंट किट्स-नेव्हिस-अँग्विला हे असे राज्य अस्तित्वात आले. त्याच्या विधिमंडळात निवडून द्यायच्या जागा होत्या दहा. सात सेंट किट्सच्या, दोन नेव्हिसच्या, एक अँग्विलाची. बेटावर त्या वेळी वीज नव्हती, दूरध्वनी नव्हता, पक्का रस्ता नव्हता. लोकसंख्या सहा हजारांच्या घरात. सेंट किट्स शंभरेक किलोमीटर दूर आणि मध्ये फ्रेंच व डच ताब्यातील बेटे. लोकशाहीच्या गणितात ही वाटणी अन्यायाची म्हणता येणार नाही, लोकसंख्येच्या मानाने ती रास्तच होती. पण दहांपैकी एक मत असलेल्याला तेच गणित कायमच्या पराभवाची हमी वाटते.

राज्याचे प्रमुख रॉबर्ट ब्रॅडशॉ यांना अँग्विलाच्या कथेत खलनायकाची भूमिका मिळाली आहे. ते पुरते न्याय्य नाही. ब्रॅडशॉ साखर कामगारांच्या चळवळीतून वर आलेले नेते होते. मळेवाल्यांशी त्यांनी आयुष्यभर झुंज दिली. संघराज्याचा डाव मोडलेला त्यांनी पाहिला होता आणि आता एकेक बेट फुटू लागले तर या प्रदेशात राज्य म्हणावे असे काही उरणारच नाही, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. पण संघटित मजुरांच्या एकजुटीवर ज्यांचे राजकारण उभे होते, त्यांना सुट्या-सुट्या होडीवाल्यांचे मन कळले नाही. अँग्विलाला स्थानिक परिषद देण्याचे बोलणे झाले होते. नवे राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्या परिषदेचा पत्ता नव्हता, पोलीस मात्र आले होते.

एक हजार आठशे तेरा विरुद्ध पाच

त्या फेब्रुवारीत राज्याच्या स्थापनेनिमित्त भरवलेल्या सौंदर्यस्पर्धेच्या कार्यक्रमात निदर्शने झाली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. पुढे सरकारी प्रशासकाचे निवासस्थान जळाले. ३० मे १९६७ रोजी जमावाने सेंट किट्सच्या सतरा-अठरा पोलिसांना विमानात बसवून परत धाडले. शेजारच्या सेंट मार्टिन बेटावर अनेक वर्षे काम करून परतलेले रोनाल्ड वेबस्टर, विधिमंडळातील बेटाचे एकमेव प्रतिनिधी पीटर अॅडम्स, 'बीकन' हे पत्र काढणारे अॅटलिन हॅरिगन अशी मंडळी आघाडीवर होती. १० जूनला मूठभर सशस्त्र अँग्विलावासी होडीतून जाऊन सेंट किट्सवरच चालून गेले. ती मोहीम पुरती फसली, पण बेटाला धास्ती बसली होती ती सेंट किट्समधून स्वारी होण्याची, आणि ती मात्र टळली.

११ जुलैच्या सार्वमतात सेंट किट्सपासून वेगळे होण्याच्या बाजूने १,८१३ मते पडली. विरोधात पाच.

जगभरच्या हौशी तत्त्वज्ञांना हे बेट त्या वर्षी फार आवडले. 'लहान ते सुंदर' या विचाराचे एक जनक, अर्थतज्ज्ञ लिओपोल्ड कोअर त्याच्या मदतीला धावले. सॅन फ्रान्सिस्कोतील काही हितचिंतकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली. जेरेमाया गम्ब्स हे अँग्विलावासी उद्योजक राष्ट्रसंघाच्या निर्वसाहतीकरण समितीपुढे बाजू मांडायला गेले. या समितीत भारत सुरुवातीपासून आहे आणि १९६२ मध्ये तिचे अध्यक्षपदही भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांच्याकडे होते. समितीची अडचण समजण्याजोगी होती. तिच्यापुढे आजवर आलेले सगळे अर्जदार साम्राज्यातून सुटका मागत होते. हा मात्र नवस्वतंत्र होऊ घातलेल्या काळ्या लोकांच्या सरकारातून सुटका मागत होता, आणि जमल्यास थेट ब्रिटिश अमलाखाली जाऊ इच्छित होता. १९६० च्या ज्या ठरावाने वसाहतींना आत्मनिर्णयाचा हक्क दिला, त्याच ठरावाने त्यांची प्रादेशिक अखंडता मोडू नये असेही बजावले होते. आफ्रिका-आशियातील नव्या राष्ट्रांना, त्यांत आपणही आलो, दुसरे कलम पहिल्याइतकेच प्रिय होते. फुटीरतेचा अनुभव प्रत्येकाच्या घरात होता.

ब्रिटनने एक अधिकारी पाठवून वर्षभराची हंगामी तडजोड केली. ती जानेवारी १९६९ मध्ये संपली. तोडगा निघालाच नव्हता. फेब्रुवारीत दुसरे सार्वमत झाले : या वेळी १,७३९ विरुद्ध ४ मतांनी बेटाने स्वतःला प्रजासत्ताक घोषित केले. ज्यांना राणीचे छत्र हवे होते तेच प्रजासत्ताक जाहीर करतात, यात विसंगती दिसते खरी. पण दार उघडत नाही म्हटल्यावर ते तोडण्याची धमकी द्यायची, असाच तो प्रकार होता. मार्चमध्ये लंडनहून आलेले कनिष्ठ मंत्री विल्यम व्हिटलॉक यांची त्याच दिवशी बेटावरून बोळवण करण्यात आली. मग बेट गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती गेल्याच्या वावड्यांवर हॅरॉल्ड विल्सन सरकारने विश्वास ठेवला आणि १९ मार्च १९६९ च्या पहाटे तीनशेहून अधिक छत्रीसैनिक व लंडनचे चाळीसेक पोलीस अँग्विलाच्या किनाऱ्यावर उतरवले. मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन शीपस्किन'. अंधारात काही उजेड लखलखले ते गोळीबाराचे नव्हते, आधीच येऊन थांबलेल्या छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांचे होते. एकही गोळी सुटली नाही. क्यूबातील फसलेल्या 'बे ऑफ पिग्ज'ची आठवण काढून वृत्तपत्रांनी या स्वारीला 'बे ऑफ पिगलेट्स' म्हणून हिणवले.

हसण्याच्या भरात एक गोष्ट नजरेआड झाली. सैन्य आले, त्यापाठोपाठ लष्करी अभियंते आले आणि त्यांनी रस्ते, शाळा, विजेची कामे सुरू केली. बेटाला जे अर्ज-विनंत्यांनी शंभर वर्षांत मिळाले नव्हते, ते ब्रिटिश प्रशासन 'आक्रमणा'ने चालून आले. न्यायमूर्ती ह्यू वूडिंग यांच्या आयोगाने १९७० मध्ये पुन्हा एकदा सेंट किट्सबरोबर राहण्याचाच सल्ला दिला. तो बेटाने धुडकावला. १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने अँग्विलासाठी वेगळा कायदा केला, १९७६ मध्ये स्वतंत्र राज्यघटना मिळाली आणि १९ डिसेंबर १९८० रोजी सेंट किट्सशी असलेला कायदेशीर संबंध संपला. सेंट किट्स-नेव्हिस १९८३ मध्ये स्वतंत्र राष्ट्र झाले. अँग्विला राणीकडे राहिले.

जवळचा शेजारी, दूरचा राजा

अँग्विला हा अपवाद वाटतो, पण तसा तो नाही. हिंदी महासागरातील कोमोरो बेटे १९७५ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाली, तेव्हा त्यांतील मायोत बेटाने फ्रान्सबरोबर राहणे पसंत केले. २०११ पासून ते फ्रान्सचा रीतसर प्रांतच आहे. डच कॅरिबियनमध्ये अरूबाने १९८६ मध्ये कुरासावच्या वर्चस्वातून अंग काढून घेतले आणि दहा वर्षांनी स्वतंत्र व्हायचे ठरलेले असताना ते स्वातंत्र्यच पुढे ढकलून टाकले. नेव्हिसचे तर काय सांगावे! १९९८ मध्ये तेथे सेंट किट्सपासून फुटण्यासाठी सार्वमत झाले. सुमारे ६२ टक्के लोकांनी होकार दिला, पण घटनेची अट दोन-तृतीयांशांची होती. या सर्व ठिकाणी लहान बेटाला भय वाटले ते हजारो मैलांवरच्या राजधानीचे नव्हे, तर क्षितिजाजवळच्या थोड्या मोठ्या बेटाचे. दूरचा राजा आळशी असतो, त्याचे दुर्लक्ष सोसता येते. जवळच्या शेजाऱ्याची रोजची ढवळाढवळ सोसवत नाही. निर्वसाहतीकरणाच्या सिद्धान्तात या मनोवृत्तीला जागाच ठेवलेली नाही. राष्ट्रसंघाने वसाहतीपुढे तीन वाटा ठेवल्या : स्वातंत्र्य, दुसऱ्या राष्ट्राशी मुक्त सहयोग किंवा विलीनीकरण. अँग्विलाने आजवर तिन्ही नाकारल्या आहेत. त्यामुळे राष्ट्रसंघाच्या १७ अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत ते वर्षानुवर्षे तसेच पडून आहे.

प्रादेशिक अखंडतेचा मुद्दा मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. ब्रिटनने १९६५ मध्ये मॉरिशसपासून चागोस बेटे तोडली, ती बेकायदा असल्याचे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले आणि आमसभेत भारताने मॉरिशसच्या बाजूने मत टाकले. मग सेंट किट्सपासून अँग्विला तोडणे कायदेशीर कसे? फरक आहे तो लोकांच्या इच्छेचा. चागोसच्या रहिवाशांना कोणी विचारले नाही. उलट त्यांना बेटांवरून उठवून तेथे अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यात आला. अँग्विलात मात्र लोकांनीच तुकडा तोडला आणि राजाला तो स्वीकारायला लावला. गंमत अशी की, चागोसलाही इंटरनेटवर 'डॉट आयओ' असा स्वतःचा संकेत आहे आणि संगणक व्यवसायात त्यालाही मोठी मागणी आहे. मात्र त्या पैशाने चागोसवासीयांची घरे उभी राहिली नाहीत. बेटावर माणसे असणे आणि त्या माणसांचे स्वतःचे सरकार असणे, याने किती फरक पडतो हे या दोन संकेतांच्या तुलनेत दिसते.

किल्ली कोणाकडे?

मग अँग्विलाचे आजचे सरकार म्हणजे नेमके काय? निवडून आलेले विधिमंडळ आहे, त्याला उत्तरदायी मंत्रिमंडळ आहे. पूर्वीच्या 'मुख्यमंत्री' पदाला २०१९ पासून 'प्रीमियर' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीनंतर कोरा रिचर्डसन-हॉज त्या पदावर आल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, सर्वोच्च अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. आणि या सगळ्याच्या वर लंडनहून नेमलेले गव्हर्नर, ज्यांच्याकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि अंतर्गत सुरक्षा ही खाती आहेत.

खरी गोम पुढेच आहे. ब्रिटिश सरकार राजाच्या नावे आदेश काढून या प्रदेशांसाठी थेट कायदा करू शकते. १९९१ मध्ये खुनासाठीची फाशी अशाच आदेशाने रद्द झाली. १ जानेवारी २००१ पासून समलिंगी संबंधांवरील फौजदारी बंदी अशीच उठली. धर्मपरायण कॅरिबियन बेटांच्या विधिमंडळांना हे दोन्ही निर्णय घ्यायचे नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही निर्णय आशयाने योग्यच होते. पण ज्या संसदेला उत्तरदायी असलेल्या सरकारने ते घेतले, त्या संसदेसाठी अँग्विलाचा एकही नागरिक मत देत नाही. आज योग्य निर्णय लादणारी सत्ता उद्या अयोग्यही लादू शकते. शेजारच्या टर्क्स आणि केकोस बेटांची निवडून आलेली राजवट भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर ब्रिटनने २००९ मध्ये स्थगित केली आणि तीन वर्षे गव्हर्नरमार्फत कारभार हाकला. हा दाखला अँग्विलातील प्रत्येक राजकारण्याला ठाऊक आहे.

ब्रेक्झिटने ही विसंगती आणखी उघडी पाडली. अँग्विलाचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे सेंट मार्टिन. निम्मे फ्रेंच, निम्मे डच. अँग्विलाच्या प्रवाशांची ये-जा, मालाची आवक, रुग्णांचे उपचार यांतले बरेच काही त्या बेटामार्गे चालते. युरोपीय संघाची विकास मदतही बेटाला मिळत असे. २०१६ च्या सार्वमतात मात्र अँग्विलाला मत नव्हते. सागरपार प्रदेशांपैकी ते मिळाले फक्त जिब्राल्टरला.

याची दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. २००२ च्या कायद्याने अँग्विलावासीयांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. म्हणजे सोळा हजार लोकांच्या बेटावरच्या तरुणाला इंग्लंडमध्ये शिकण्या-राबण्याचा हक्क आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये 'इर्मा' चक्रीवादळाने बेट झोडपून काढले, तेव्हा पुनर्बांधणीसाठी ब्रिटनने सहा कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले. मदत उशिरा आल्याची तक्रार झाली आणि ती रास्तही होती. तरीही एवढी रक्कम स्वतंत्र अँग्विलाला कोणी दिली असती का, हा प्रश्न उरतोच. हवामान बदलाच्या काळात वादळांच्या वाटेवर असलेल्या सपाट बेटाला तो फार जवळचा आहे.

स्वातंत्र्याची भाषा येथे अगदीच झाली नाही असे नाही. २०१० ते २०१५ या काळात मुख्यमंत्री असलेले ह्युबर्ट ह्यूज यांनी ती उघडपणे केली. निमित्त होते अर्थसंकल्पाचे. बेटाची तूट वाढलेली, लंडन मंजुरी रोखून धरणारे, आणि आमच्या पैशाचा हिशेब गव्हर्नरने का तपासावा, हा ह्यूज यांचा सवाल. पुढे २०१३ मध्ये कर्ज आणि खर्च यांच्या मर्यादा घालून देणारी चौकट दोन्ही सरकारांनी मान्य केली. जनतेने ह्यूज यांच्या स्वातंत्र्याच्या हाकेला म्हणावा तसा प्रतिसाद दिला नाही. त्यामागचे कारण भावनेइतकेच हिशेबाचे होते. बेटाचा संसार चालतो तो पर्यटनावर. एक वादळ किंवा अमेरिकेतील एक मंदी तो मोडू शकते. प्राप्तिकर नसलेल्या या बेटाने २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर लावला. तो तेथेही आपल्याकडच्याइतकाच अप्रिय ठरला.

आता मात्र हिशेबाची एक बाजू बदलली आहे. 'आम्ही गरीब आहोत, म्हणून स्वतंत्र होऊ शकत नाही' हा युक्तिवाद 'डॉट एआय'च्या पैशाने पातळ केला आहे. हा पैसा ब्रिटनच्या अनुदानातून आलेला नाही. लंडनने तो मागितलेलाही नाही. तूट भरून निघाली, कर्ज फेडता आले, तर अर्थसंकल्पावरची लंडनची पकड सैल करण्याची मागणी अँग्विला ताठ मानेने करू शकेल. माझ्या मते नजीकच्या काळातले खरे राजकारण येथेच होईल. पूर्ण स्वातंत्र्यासाठी नव्हे, तर गव्हर्नरचे अधिकार आणि आदेशाने कायदे करण्याची लंडनची मुभा आक्रसावी यासाठी. तशी मागणी करायला १९६७ सारखे बंड लागत नाही. हातात शिल्लक लागते.

पण ही शिल्लक भरवशाची कितपत? अक्षरांना भाव आहे तो एका तंत्रज्ञानाच्या लाटेमुळे. लाट ओसरली की नूतनीकरणे थांबतील. नोंदणी किमान दोन वर्षांसाठी होत असल्याने ओहोटीची चाहूलही उशिरा लागेल. शिवाय अक्षरे बेटाची असली तरी ती विकण्याची यंत्रणा चालवायला बाहेरच्याचा हात लागतोच. वर्षानुवर्षे हे काम बेटावर येऊन स्थायिक झालेले एक अमेरिकी संगणकतज्ज्ञ जवळजवळ एकहाती पाहत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने त्यासाठी 'आयडेंटिटी डिजिटल' या अमेरिकी कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. मंदीच्या वर्षासाठी गंगाजळी बाजूला काढायची, विमानतळ वाढवायचा, की कर उतरवायचे, यावर बेटावर वाद सुरू आहेत. असे वाद तर आपल्याकडच्या महापालिकांतही होतात. फरक एवढाच की, अँग्विलात त्या चर्चेचा शेवटचा कागद आजही गव्हर्नरच्या टेबलावर जातो.

३० मे हा बेटाचा 'अँग्विला दिन' असतो. होड्यांची शर्यत बेटाला वळसा घालते आणि १९६७ ची हकिगत नव्याने सांगितली जाते. १९९० पासूनच्या अधिकृत ध्वजावर कोपऱ्यात युनियन जॅक आहे आणि राजचिन्हात तीन नारिंगी डॉल्फिन. बंडाच्या काळातल्या ध्वजावर मात्र फक्त डॉल्फिन होते. त्या दिवशी बेटावर तोही ध्वज घरोघरी फडकताना दिसतो.